दोरीवरून उतरलेली मुंगी

प्रिय विहीणबाई,

‘प्रिय’ लिहिलं खरं, पण तुम्ही हयात असताना मी तुम्हाला कधी प्रिय म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तुम्हीच माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता. वैशाली म्हणाली, आजी, पत्राची सुरुवात अशीच करतात. म्हणून लिहिलं. आता लिहिलंच आहे तर खोडत नाही.

पत्राचं कारण सांगते. काल सकाळी फोडणीला कढीपत्ता तोडत होते, तर झाडावरून एक काळी मुंगी दोरीवरून खाली उतरली.

नीट वाचलंत ना? मुंगी. दोरीवरून!

ती दोरी तिनं स्वतःच्या बुडातून काढलेली होती. मी हातातली डहाळी तशीच धरून उभी राहिले. आत तेल तापून धूर व्हायला लागला, तुमची मंगल ओरडली, “आई, कढीपत्ता आणताय की झाड?” मला ऐकू येत होतं, पण पाय हलेना. कारण मला तुमचं बोलणं आठवलं. “विहीणबाई, तुम्हाला कधी दिसला तर पत्र टाका. मी पहिल्या एस्टीनं येते.”

मी शिकले दुसरीपर्यंत, तीही अर्धी. उभ्या जन्मात कुणाला पत्र लिहिलं नाही. ज्याला काही सांगायचं त्याच्या दारात जाऊन सांगितलं, आणि तेही सगळ्या आळीला ऐकू जाईल असं. आणि आता पहिलं पत्र लिहायला बसले, तर तुम्ही आषाढातच निघून गेलात. चांगली वेळ साधलीत! दोन महिने थांबायला काय झालं होतं?

जाऊ दे. सगळं सुरुवातीपासून लिहिते. तुम्हाला माहीत आहे, पण तुम्ही शाळेतल्या बाई, उजळणीला तुमची ना नसायची.

लग्नानंतर तुम्ही पहिल्यांदा लेकीला भेटायला आमच्या सातपूरच्या कॉलनीत आलात, तेव्हा मी पाण्याचा तांब्या पुढे केला. तुम्ही हात जोडलेत. “लेकीला मूल होईस्तोवर तिच्या घरचं पाणी घ्यायचं नाही. रीत आहे.” रीत मला माहीत नव्हती होय? आमच्याकडेही तीच. पण हातात घड्याळ, डोळ्याला चष्मा, वर्गात पोरींना शिकवणारी बाई, आणि रीत मात्र माझ्या आजीच्या वेळची! वणीहून दिंडोरीवरून धूळ खात यायचं, ओट्यावर टेकायचं, आणि कोरड्या घशानं परत जायचं. अहो, पाहुणा तहानेला गेला तर पाप कुणाच्या माथी? माझ्याच ना?

तोंडाला काम नाही, हाताला काम नाही, म्हणून तुम्ही ओट्याच्या छताकडे बघत बसायच्या. त्या कोपऱ्यात जळमटं होती. मला वाटलं, लेकीच्या सासरची अब्रू मोजतायत. म्हणून पहिला वार मीच केला. “तुमच्या लेकीला झाडू उभा धरता येत नाही वाटतं. माहेरी शिकवलं नाही का?”

तुम्ही मान खालीसुद्धा केली नाहीत. “तो कोपरा झाडू नकोस असं मीच सांगितलंय तिला. तिथं बायामाणसं राहतात.”

“कोण बायामाणसं?”

“कोळी. जाळं विणून बसलेली दिसते ती बहुतेक बाईच असते.”

“आणि नवरा?”

“तो लहानसा असतो. कडेकडेनं फिरतो. जपून वागला नाही तर खाल्ला जातो.”

आमचे हे दारात पेपर वाचत होते. ते उठून आत गेले. त्या दिवशी पहिल्यांदा मला तुम्ही बऱ्या वाटलात. तोंडावर म्हटलं मात्र नाही. पाणी न पिणाऱ्या माणसाची स्तुती कशाला?

मग तो पावसाळा आला. माझ्या अशोकनं ओट्यावर ट्यूब लावली तो. आमच्या रांगेत पहिली ट्यूब आमची, बाकी सगळ्यांकडे पिवळे बल्ब, आजाऱ्याच्या डोळ्यासारखे. दिवेलागणीला मी बटण दाबायची आणि समोरच्या ठकूबाईच्या अंगणापर्यंत उजेड पडायचा. ठकूबाई म्हणायची, “सरूबाय, तुमचा उजेड माझ्या घरात येतो, बिल नका पाठवू बरं.” मागे भाजीचे मळे, पलीकडे नाला. त्या उजेडात मंगल तांदूळ निवडत बसायची. सातवा महिना लागला होता तिला.

एका सकाळी ती उठली ती मानेला हात लावून. मानेवर लाल पट्टा, विस्तवानं ओढल्यासारखा. दुपारपर्यंत बारीक फोड आले, आत पिवळं पाणी. पट्टा एका कानाखालून निघून गळ्यावर आलेला, अर्ध्या वेढ्यासारखा.

मी म्हटलं, कोळी मुतला. आमच्याकडे अशा फोडांना हेच म्हणतात. ठकूबाई आली, चष्मा नाकावर ओढून बघितलं, आणि म्हणाली, “कोळी नाय ही. नागीण हाय. वेढा घालती बघ. तोंडाला शेपूट लागली की खेळ खलास. आन ही तर दोन जिवाची.”

आता तुम्हीच सांगा, असं कानावर आल्यावर मी काय करायचं होतं? ठकूबाईच्या माहितीतला डाग देणारा एक म्हातारा होता. तापलेली सळई घेऊन यायचा. नागिणीच्या दोन टोकांच्या मध्ये डाग द्यायचा, म्हणजे तिची पुढची वाट जळते, अशी त्याची विद्या. त्याला मी सांगावा धाडला. अशोकनं तुम्हाला धाडला. आणि मी कुंचा घेऊन स्टुलावर चढले. नागीण असो की कोळी, म्हटलं, दोन्ही दारं बंद करावीत.

कुंचा कोपऱ्याला टेकणार, इतक्यात फाटकातून तुमचा आवाज. “आधी खाली उतरा!”

विहिणीला कुणी असं बोलतं? मुलाकडची बाजू आमची! पण तो आवाज वर्गातला होता. मी उतरले. अजून मला त्याचं नवल वाटतं.

तुम्ही मंगलची मान बघितलीत. हात लावला नाहीत, नुसती बघितलीत, एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं. ती रडली नाही. तुमचीच ती. फक्त म्हणाली, “आई, डाग देताना बाळाला कळेल का गं?” विचारलं तुम्हाला. मी म्हटलं, “गप पड, काही कळत नाही त्याला.” तोंडानं म्हटलं. पण पोरीचं ते वाक्य मी ठकूबाईलासुद्धा सांगितलं नाही.

मग तुम्ही बाहेर येऊन ट्यूबखाली वाकलात. रात्रीचे मेलेले किडे तिथं पडलेले असायचे, मी सकाळी झाडून काढायची. त्यातून पोस्टकार्डाच्या कडेनं तुम्ही एक उचललात. मुंगीएवढा, अंगावर काळे आणि केशरी पट्टे, एखाद्या उत्सवमूर्तीसारखा नटलेला.

“पाय मोजा.”

“तिकडं पोरीचा जीव जातोय आणि मी पाय मोजू?”

“मोजा, विहीणबाई.”

मोजले. सहा. मग तुम्ही कोपऱ्यातल्या कोळ्याकडे बोट केलंत. मी स्टुलावर चढून त्याचे मोजले. दहा!

“परत मोजा.”

“दहाच आहेत. मला दुसरीपर्यंत येतं मोजायला.”

“तोंडाशी ते दोन आखूड आहेत ना, ते पाय नव्हेत. चाचपायचे हात आहेत. ते सोडून मोजा.”

आठ. आठही पाय छातीपासून निघालेले, पोटाला एकही नाही. पोट म्हणजे नुसती सुताची गिरणी. तुम्ही म्हणालात, कोळ्याच्या शरीराचे भाग दोनच. डोकं आणि छाती एकाच डबीत, मागे पोट, मध्ये केसाएवढी कंबर. मी म्हटलं, म्हणजे मान नाही, ठकूबाईसारखं. तुम्ही हसू दाबलंत, मी बघितलं. मग म्हणालात, मिशा नाहीत, पंख नाहीत. ह्या नटलेल्याचे मात्र भाग तीन, डोकं वेगळं, छाती वेगळी, पोट वेगळं, ओवलेल्या मण्यांसारखे. पुढे मिशा. पाठीवर आखूड झाकणं, त्याखाली पंख घडी करून ठेवलेले. “हा कीटक. तो कोळी. दोघांचं नातं तुमच्या आमच्याइतकंही नाही.”

मी काही अशी तशी ऐकणारी नव्हे. म्हटलं, “बरं, सहा पाय. म्हणून हाच भाजतो हे कशावरून? सहा पाय तर झुरळालाही आहेत.”

मला वाटलं, जिंकले. मग तुम्ही बाही मागे सारलीत. “करून बघू. एका हातावर कोळी रगडू, एका हातावर हा. दोन्ही हात माझेच.”

आता पाहुणीच्या हातावर फोड आणून मी कॉलनीत तोंड कुठं दाखवणार होते? म्हटलं, एक तुमचा, एक माझा. तुम्ही विचारलंत, “कुठला घेता?” मला खात्री होती की भाजतो तो कोळीच. मग मी काय वेडी होते? मी तो नटलेला घेतला. सोपा वाटला म्हणून घेतला!

तुम्ही कोळ्याला म्हणालात, “माफ कर गं बाई,” आणि मनगटावर रगडलात. मी माझ्यावाल्याला काही म्हटलं नाही. ट्यूबखालचा एक जिवंत पकडला आणि कोपराच्या खाली चिरडला.

तुम्ही म्हणालात, लगेच काही दिसणार नाही, एक-दोन दिवस लागतील. तोवर डाग देणाऱ्याला थांबवा. मी इथंच राहते.

“इथंच? आणि खाणार काय? वारा?”

तुम्ही समोर ठकूबाईच्या घराकडे बघितलंत. आणि खरंच गेलात की हो! जिनं नागीण काढली, तिच्याकडेच खिचडी खाऊन आलात. माझ्या घरात निजलात आणि तिच्या घरचं पाणी प्यायलात. माझ्या जिवाला किती लागलं असेल? दुसऱ्या दिवशी ठकूबाई पदर खोचून आली. “सरूबाय, तुमची विहीण माझ्या दुधात माशी पडली तर फेकत नाय. आधी तिचे पाय मोजती. मलाबी मोजायला लावले. आता माझं पोरगं जेवताना ताटातच मोजाया लागलंय.”

त्या वाट बघण्याच्या वेळात मी सारखी मंगलच्या खाटेशी जायची. टोकं जवळ आली का बघायची. मध्ये किती जागा उरली ते बोटानं मापायची, न शिवता. तुम्ही मात्र पोरीची मान साबणानं धुतलीत, गार पाण्याच्या घड्या ठेवल्यात, नखं कापलीत तिची, आणि संध्याकाळी माझी ट्यूब बंद केलीत. माझी ट्यूब! मी बटणाकडे गेले तर म्हणालात, “आज नको.” अंधारात तिघी ओट्यावर बसलो, ठकूबाईच्या पिवळ्या बल्बचा उजेड उसना घेऊन. ती तिकडून ओरडली, “बिल पाठवते बरं!”

तेव्हाच भिंतीवर ती मोठी चपटी कोळीण दिसली. तळहाताएवढी, पोटाखाली पांढरी गोल चकती घट्ट धरलेली. मी चप्पल उचलली. तुम्ही म्हणालात, “थांबा. ती अंड्यांची पिशवी आहे. पिलं निघेपर्यंत ती सोडत नाही, काही खातही नाही म्हणतात. तीही दिवसांतली आहे.”

“मग तिचंही डोहाळजेवण करू का? हिरवी साडी आणते.”

मंगल हसली. मानेवर फोड असताना हसली, आणि दुखलं म्हणून कण्हली, आणि परत हसली. मी चप्पल खाली ठेवली. कोळिणीसाठी नाही. त्या हसण्यासाठी.

तिसऱ्या दिवशी सकाळी माझा हात जळत होता. कोपराखाली लाल पट्टा, त्यावर बारीक फोड, आत पिवळं पाणी. पोरीच्या मानेवर होता तसाच, भावाभावासारखा. मी धावत तुमच्याकडे आले. तुमचं मनगट स्वच्छ. एक पुरळ नाही.

मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही हसला नाहीत. त्याचाच मला जास्त राग आला. हसला असता तर मला भांडता तरी आलं असतं!

उलट तुम्ही शांतपणे सांगितलंत. हा ट्यूबच्या पांढऱ्या उजेडाला येतो. मानेवर बसला, मंगलनं चापटी मारली, आणि खाज सुटली म्हणून बोट फिरवलं. जिथून जिथून बोट फिरलं, तिथून रस पसरला. म्हणून वेढा. वेढा नागिणीनं घातला नव्हता, तिच्याच बोटानं घातला होता. आणि कोळी बापडे त्या कोपऱ्यात होते ते ट्यूबला येणारे किडे खायला. मी कुंचा मारायला निघाले होते तो आपल्याच राखणदारांना!

तेवढ्यात दोन दिवस थोपवलेला तो डाग देणारा आला. सळई, शेगडी, सगळा संसार घेऊन. मी माझा हात त्याच्यापुढे धरला. “हे काय आहे सांगा.”

त्यानं मान हलवली. “नागीण. चांगली जोरात आहे.”

“परवा ह्या हातावर मी एक किडा रगडला. नागीण काय त्याच्या पोटात बसली होती?”

म्हाताऱ्यानं सळई खाली ठेवली. वाईट नव्हता तो, त्याला जे शिकवलं ते करत होता. मी त्याला आलं घालून चहा दिला. त्यानं चहा घेतला, वर तांब्याभर पाणीही प्यायला. त्याला रीत नव्हती ना!

शेगडी न पेटवता तो परत गेला. फाटक लागल्याचा आवाज आला तशी मंगलनं पोटावर हात ठेवला, आणि तशीच झोपून गेली. उठली ती थेट दिवेलागणीला.

त्या किड्याला नाव काय, मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, पुस्तकातलं असेल, मला माहीत नाही. तुमचा हा एक गुण मला आवडायचा. माहीत नसलं तर नाही म्हणायच्या. मी त्याचं नाव ‘ट्यूबवाला’ ठेवलं. आता आख्खी कॉलनी ट्यूबवालाच म्हणते. पोरंसुद्धा अंगावर बसला तर चापटी मारत नाहीत, फू करून उडवतात. आणि पावसाळाभर आमच्या ओट्यावर पिवळा बल्ब असतो. आजाऱ्याच्या डोळ्यासारखा. असू दे.

पहिलटकरीण म्हणून मंगल तुमच्याकडे वणीला गेली, वैशाली झाली, आणि बाळंतिणीला घेऊन तुम्ही परत आलात. मी फाटकात तुकडा ओवाळून टाकला, आणि लगेच तांब्या पुढे केला. “घ्या. आता तरी?”

तुम्ही तांब्या दोन्ही हातांनी घेतलात आणि उभ्या उभ्या वरून ओतून सगळा प्यायलात. मध्ये श्वाससुद्धा घेतला नाहीत. मला वाटलं, लग्नापासूनची तहान एकदम काढतायत. पाणी संपल्यावर मान वरच राहिली. कोपऱ्याकडे.

“अजून तसाच ठेवलात?”

“तुमच्यासाठी राखला होय! स्टूल मोडलं म्हणून राहिलाय.”

स्टूल मोडलं नव्हतं. ते तुमच्या मागेच उभं होतं, आणि त्यावर तुमची पिशवी तुम्हीच ठेवली होतीत.

मग किती वर्षं तुम्ही येत राहिलात! पोळी खायच्या, वर भात मागायच्या, आणि ओट्यावर आपला खेळ चालायचा. कोळी की कीटक? विंचू आला तेव्हा मी म्हटलं, आठ पाय, कोळी. तुम्ही म्हणालात, नाही, चुलतभाऊ. गोचीड आली, तिलाही आठ. मी म्हटलं, ही पण चुलत? तुम्ही म्हणालात, हो, पण हिला कंबर नाही, सूत नाही. मी म्हटलं, एवढे चुलतभाऊ आमच्याही घरात नाहीत. एकदा जाळ्यात मेलेला कोळी लोंबकळताना बघून मला वाईट वाटलं, कुणाला सांगू नका, तर तुम्ही तो फुंकलात आणि तो नुसता पोकळ! कात टाकलेली, पाय न् पाय शाबूत, आणि मालकीण शेजारी नवं लुगडं नेसून बसलेली.

त्या बोलण्यातच तुम्ही एकदा सांगितलंत की एक कोळी मुंगीचं सोंग घेतो. रंग मुंगीचा, चाल मुंगीची. कंबरेच्या पुढे अजून एक खाच, म्हणजे भाग तीन वाटावेत. पुढचे दोन पाय वर धरून मिशांसारखे हलवतो, म्हणजे खाली सहाच दिसतात. “आयुष्यभर शोधतेय. गडाच्या पायऱ्यांवर देवीला जाताना किती मुंग्यांकडे बघितलं असेल. दिसला नाही.”

मी म्हटलं, “थापा. शाळेतल्या पोरींना सांगा.”

तेव्हा म्हणालात, पत्र टाका.

शेवटी मी वणीला आले तेव्हा तुम्ही कुणाला ओळखत नव्हता. सगळे रडत होते. मला रडता येत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. मी तुमच्या खाटेशी बसले, आणि वर भिंतीवर एक कोळी दिसला. माझ्याही नकळत मी मोजायला लागले. हळू आवाजात, तुम्हाला ऐकू जाईल असं. आठ झाले तेव्हा तुमचा अंगठा हलला. मंगल म्हणते, तो आपोआप हलतो. हलत असेल. मंगल शहाणी आहे. मी दुसरीपर्यंत शिकलेली, मला जे वाटलं ते वाटलं.

आता कालची गोष्ट पुरी करते. तेल जळू दिलं आणि वैशालीला हाक मारली. ती शाळेला निघाली होती, एका पायात बूट. तोवर मुंगी आपलाच धागा धरून वर चढली आणि पानावर जाऊन बसली. वैशाली म्हणाली, “आजी, मुंगीच आहे की. पाय सहा, मिशा दोन.”

मी म्हटलं, “थांब. बघत राहा.”

मी डहाळीनं तिला जरासं शिवलं. ती वळली. दोन मोठे काळे डोळे आमच्याकडे, माणसानं मान वळवून बघावं तसे. मग ती पानाच्या कडेवरून घाईनं निघाली, आणि घाईत सोंग सुटलं. वैशाली किंचाळली, “आजी! हिच्या मिशा चालतायत!”

खरंच चालत होत्या हो! मिशा पानाला टेकल्या आणि पाय झाल्या. आठ. मोजले, परत मोजले, तोंडाजवळचे आखूड हात वगळून मोजले. तुम्ही लावलेली शिस्त, एकही चूक नाही.

वैशालीची शाळा बुडली. मंगल बाहेर आली ती रागवायला, आणि मग तीही वाकून बघायला लागली. बघता बघता तिनं डोळ्याला पदर लावला. “माझ्या आईला दिसायला हवा होता.” मी म्हटलं, “तिला मी कळवते. तू तेलाचं बघ.”

म्हणून हे पत्र. तुम्ही पैज लावली नव्हतीत, पण तुम्ही हरलात असंच मी धरते. तुम्ही डोंगर पालथा घातलात आणि मला तो फोडणीच्या झाडावर सापडला. ऐकायला नाहीत, एवढाच काय तो माझा तोटा. जिंकल्यावर समोरच्याचं तोंड बघण्यातच अर्धी मजा असते. ती तुम्ही नेलीत.

बाकी सगळं बरं आहे. मंगलच्या मानेवर काही उरलं नाही. माझ्या हातावरचा डाग पुढचा पावसाळा येईस्तोवर टिकला, मग पुसला गेला. कधी कधी मी तिथं उगाच बघते.

दिवाळीला अशोक ओटा रंगवणार आहे. निळा म्हणतोय. रंगवू दे. पण त्या कोपऱ्याला कुंचा लागणार नाही, मी आहे तोवर नाही, आणि पुढचं वैशालीला सांगून ठेवलंय. कढीपत्त्याच्या त्या फांदीची पानं मी तोडणार नाही, दुसऱ्या बाजूची तोडीन. काडेपेटीत घालून कुणाला दाखवायला नेणार नाही. आणि कुणाची सून, कुणाची लेक मान धरून आली, तर शेगडी पेटायच्या आधी मी तिला तिच्याच घरच्या ट्यूबखाली नेऊन किड्यांचे पाय मोजायला लावीन. हा शब्द दिला. मी शब्द मोडत नाही, फार तर स्टूल मोडलं म्हणते.

पत्र पेटीत टाकून उपयोग नाही, तुमच्या नव्या गावाला टपाल जात नसावं. घडी करून कोपऱ्यातच खोचते, जाळ्याच्या मागे. तिथल्या बायामाणसांनी त्यावर घर केलं तर करू दे.

आणि जमलं तर या एकदा. पहिल्या एस्टीची घाई नाही, जी मिळेल तिनं या. तांब्या भरून ठेवलाय. आता तुम्हाला कसलीच रीत आड येत नाही.

तुमची विहीण,
सरूबाई